वरच्या मजल्याची वही

कंपनी बुडाल्याची बातमी मिस्त्रींना दिली ती पाहुण्यांनीच, आणि तीही दारात उभं राहून.

भर दुपार होती. मिस्त्री मागच्या बाजूला चादरी वाळत घालत होते. आठवड्याचे जुने पाहुणे सकाळी गेले की चादरी धुवायच्या, वरच्या मजल्याची फरशी पुसायची, खिडक्या उघड्या टाकायच्या आणि नव्या पाहुण्यांची वाट बघायची, हा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता. घंटा वाजली तशी चिमटे खिशात कोंबून ते पुढे आले. दारात चाळिशीची एक बाई दोन बॅगा घेऊन उभी होती. तिच्यामागे काठी टेकत तिची आई.

"वरचा मजला आम्ही आठवड्यासाठी घेतलाय," बाई म्हणाली. "पण तुम्हाला कळलंय ना?"

"काय कळायचंय?"

तिने फोन पुढे धरला. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. कंपनीने आपले सर्व व्यवहार आजपासून बंद केले आहेत, पाहुण्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी जाऊ नये, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तीन ओळी. मिस्त्रींनी त्या दोनदा वाचल्या.

"हे आम्हाला गाडीत असताना आलं," बाई सांगत होती. "अर्धा रस्ता झाला होता. आई म्हणाली, आता परत कुठे फिरायचं, जाऊन तर बघू. पैसे आम्ही सगळे भरलेत. सहा महिन्यांपूर्वीच."

"तुम्ही भरलेत हो," मिस्त्री म्हणाले, "पण मला कुठे पोचलेत? तीन महिन्यांचं भाडं थकलंय माझं. दर आठवड्याला सांगतात, पुढच्या आठवड्यात नक्की."

एकाचे पैसे गेले होते, दुसऱ्याचे आले नव्हते, आणि ज्याच्यावर ओरडायचं तो दोघांच्या मध्ये कुठेच नव्हता.

"कोणी कोणावर रागवायचं ते सावकाश ठरवा," मागून आजीबाई म्हणाल्या. "तोवर मला बसायला एक खुर्ची मिळेल का?"

मिस्त्री ओशाळले. "या, या. आधी चहा घ्या," असं म्हणून त्यांनी दोघींना स्वयंपाकघरात नेलं.

मिस्त्री हे काही त्यांचं नाव नव्हे. गावापुढच्या तळ्यात पूर्वी फेरीबोटी चालत आणि त्या बोटींच्या इंजिनांवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बोटी कधीच्या बंद झाल्या, पण मिस्त्री मिस्त्रीच राहिले. तळ्यावर पूल झाला त्या वर्षी अर्ध्या बोटी काठाला लागल्या आणि मिस्त्रींचा पगारही निम्म्यावर आला. तेव्हा त्यांच्या बायकोने पदर खोचला. म्हणाली, "अहो, वरचा मजला नुसता धूळ खात पडलाय. सुट्टीवर येणाऱ्यांना देऊ या." मिस्त्रींना कल्पना मुळीच आवडली नव्हती. परकी माणसं डोक्यावर नाचणार! पण तिने एकदा मनावर घेतलं की ती ऐकायची नाही.

तिचा सगळा कारभार पत्रांवर आणि फोनवर चालायचा. येणारे तिला काकू म्हणत. एकदा आलेला पाहुणा दोन-तीन वर्षांनी फिरून यायचाच. सहा वर्षांपूर्वी ती गेली आणि घराचा आवाजच बंद झाला. फोन वाजायचे, मिस्त्री उचलायचे, समोरचा विचारायचा, "काकू आहेत का?" आणि मिस्त्रींना पुढे बोलताच यायचं नाही. शेवटी लेकीने जीव तोडून सांगितलं, "बाबा, एका कंपनीकडे देऊन टाकू. जाहिरात त्यांची, बोलणं त्यांचं, पैसे तेच घेणार आणि आपला वाटा तुम्हाला पाठवणार. तुम्ही फक्त किल्ली द्यायची." मिस्त्रींना तेच हवं होतं. त्यांनी सही केली. पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. पैसे महिन्याच्या महिन्याला यायचे आणि बोलावं लागायचं ते फक्त दर सोमवारी फोन करणाऱ्या कंपनीतल्या एका मुलीशी.

चहा पिऊन आजीबाईंना जरा हुशारी आली. मिस्त्री म्हणाले, "आता आलाच आहात तर राहा. खोल्या रिकाम्याच आहेत. चादरी वाळल्या की घालून देतो."

"फुकट?" बाईने विचारलं.

"मग काय करणार? तुमच्याकडून दोनदा पैसे घेऊ?"

बाईने कप बाजूला सारला. ती कोर्टात स्टेनो होती. वकील आणि साक्षीदार जे बोलतील ते झरझर टिपून घ्यायचं हे तिचं वीस वर्षांचं काम. बोलण्यातही तिला अर्धवट वाक्य चालत नसे.

"असं करू," ती म्हणाली. "मी पैसे कार्डाने भरलेत. बँकेला आजच लिहिते की कंपनीने मला घर दिलं नाही, माझी रक्कम परत करा. आणि ते खरंच आहे. कंपनीने नाहीच दिलं. घर तुम्ही दिलंत, वेगळं. त्याचे पैसे मी तुम्हाला वेगळे देणार. बँकेलाही मी हेच लिहिणार, काही लपवाछपवी नाही."

"आणि बँकेने नाही दिले तर?"

"तरी तुमचे देणार. राहायचं आणि पैसे बुडवायचे, हे मला जमायचं नाही. आता तुमचं सांगा. तीन महिन्यांत कोण कोण आलं, कधी आलं, किती दिवस राहिलं, याची तुमच्याकडे काय नोंद आहे?"

"ते सगळं कंपनीकडे. कॉम्प्युटरवर."

तिने फोनवर कंपनीचं पान उघडून बघितलं. पान कोरं होतं. मिस्त्रींचा नंबर, पाहुण्यांची यादी, तारखा, सगळं पुसल्यासारखं झालं होतं.

"म्हणजे तुमच्याकडे लेखी काहीच नाही?"

"तसं काही नाही..." मिस्त्री घुटमळले. "एक वही आहे. पण ती आपली घरगुती."

वही कसली, बाडच होतं ते. फेरीच्या कचेरीने मोडीत काढलेली नोंदवही, जाड कापडी बांधणीची, मिस्त्रींनी कधीकाळी घरी आणलेली. प्रत्येक पानावर छापील रकाने होते: बोटीचे नाव, सुटण्याची वेळ, प्रवासी संख्या, शेरा. बायकोने पहिल्या पानावर 'बोटीचे नाव' खोडून 'पाहुण्यांचे नाव व पत्ता' केलं होतं, 'सुटण्याची वेळ' खोडून 'आले–गेले' केलं होतं. 'प्रवासी संख्या' आणि 'शेरा' हे रकाने तिने तसेच ठेवले. शेरा मारायला तिला मनापासून आवडायचं.

स्टेनोबाईने वही मांडीवर घेतली आणि पहिलंच पान उघडून मोठ्याने वाचायला लागली. कोर्टात साक्ष वाचून दाखवतात तशा सरळ, सपाट आवाजात.

"'चहा फिका लागतो. साखर वेगळी देणे.' 'नवरा घोरतो, बायको बाहेरच्या खोलीत झोपते. जास्तीची उशी.' 'मुलगी झोपेत चालते. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची आडवी लावणे.' 'भांडत आले, हसत गेले.'" तिने पान उलटलं. "'भांडत आले, भांडतच गेले. पण भांडी घासून गेले.'"

आजीबाई खळखळून हसल्या. मिस्त्रीही हसायला गेले, पण मधेच थांबून वहीकडे बघू लागले. सहा वर्षांत त्यांनी ही मागची पानं उलटली नव्हती. नव्या पाहुण्याचं नाव लिहायला तेवढी ते वही उघडत, चालू पान भरत आणि मिटून ठेवत. आणि आता बायकोचे शब्द या अनोळखी बाईच्या तोंडून, तिच्याच स्वयंपाकघरात ऐकू येत होते. ती असं काही लिहिताना त्यांना विचारायची, "अहो, त्या गृहस्थांना चिडके लिहू की तापट?" आणि मिस्त्री पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "काय फरक आहे?" "आहे तर! चिडक्याला गोड बोलून चालतं, तापटाच्या वाटेला जायचं नाही."

स्टेनोबाई भराभर पानं उलटत मागच्या सहा वर्षांवर आली. तिथे अक्षर बदललं होतं. नाव, पत्ता आणि तारखा व्यवस्थित होत्या. शेऱ्याच्या रकान्यात मात्र फक्त दुरुस्त्या. 'नळाचा वॉशर बदलला.' 'खुर्चीचा पाय बसवला.' 'काही मोडलं नाही.'

"हे तुमचं," ती म्हणाली.

"मला दुसरं काय लिहिता येणार?"

"मिस्त्री, असू दे. हेच कामाला येईल. तीन महिन्यांतली प्रत्येक तारीख आहे यात. ही वही जपा."

आठवडाभर दोघी राहिल्या. जाताना स्टेनोबाईने ठरल्याप्रमाणे पैसे मोजून हातात दिले. बँकेचं उत्तर अजून आलेलं नव्हतं. शिवाय थकलेल्या भाड्यासाठी तिने मिस्त्रींच्या नावाने एक अर्जही नीट टाइप करून ठेवला होता.

तीन आठवड्यांनी शहरातून पत्र आलं. कंपनीचा गाशा गुंडाळायला एक अधिकारी नेमला होता आणि त्याने ज्यांची देणी थकली होती अशा सगळ्यांना एका शाळेच्या सभागृहात बोलावलं होतं. मिस्त्री सकाळच्या बसने गेले. सभागृहात शे-दीडशे माणसं होती. कोणाचं एक घर, कोणाची चार. कोणी कर्ज काढून खोल्या बांधलेल्या, कोणी म्हातारपणाची सोय म्हणून. समोर बसलेले दोन कारकून सगळ्यांना 'फॉर्म भरून द्या, पुढे कळवू' एवढं एकच वाक्य ऐकवत होते, आणि लोक त्यांच्या नावाने खडे फोडत होते. मिस्त्रींच्याही मनात गेले तीन आठवडे एक वाक्य तयार होतं. दर सोमवारी 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणणारी ती मुलगी भेटली, तर तिला विचारायचं: तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का?

फॉर्मसाठी रांग होती. त्यांच्या पुढे एक सडपातळ मुलगी उभी होती. कारकुनाने तिला काही विचारलं आणि ती म्हणाली, "नाही, मी मालक नाही. माझा चार महिन्यांचा पगार राहिलाय." आवाज ऐकताच मिस्त्रींनी मान वर केली. पाच वर्षं दर सोमवारी ऐकलेला आवाज होता तो.

"अहो," ते म्हणाले, "तुम्ही मला फोन करायचात."

तिने वळून पाहिलं. चेहरा तिला कसा ओळखू येणार! पण मिस्त्री पुढे काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "तळ्याकाठचं घर? पायऱ्या सतरा, उजव्या हाताला कठडा, अकराव्या पायरीशी वाकून चालायचं?"

"हो."

"मी प्रत्येक पाहुण्याला सांगायचे ते. तुम्ही मला दर वेळी बजावून सांगायचात." ती ओशाळवाणं हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. "मला खरंच वाटायचं हो, पुढच्या आठवड्यात येतील. आम्हालाही तेच सांगायचे वरचे. पगारही पुढच्या आठवड्यात."

मिस्त्रींचं तयार वाक्य तोंडातल्या तोंडात विरलं. ती त्यांच्या लेकीपेक्षाही लहान होती. सभागृहाबाहेर पाण्याचं मशीन होतं, तिथून ते दोन पेले पाणी घेऊन आले आणि एक तिच्या हातात दिला.

"तुम्हाला एक सांगते," पाणी पिऊन ती हळू आवाजात म्हणाली. "सगळे इथे भांडतायत, पण नीट वाचत कोणीच नाही. पाहुण्यांनी भरलेलं भाडं कंपनीला आपल्या पैशांत मिसळता येत नव्हतं. त्याचं वेगळं खातं होतं. त्या खात्याला हात लागलेला नाही. ज्या पाहुण्यांचा मुक्काम पूर्ण झाला, त्यांचं भाडं मालकांचंच. ते आधी मिळेल. पण मुक्काम झाला होता हे तुम्ही दाखवायचं, कारण कंपनीच्या नोंदी अर्ध्याअधिक गेल्यात. ज्यांच्याकडे पुरावा नाही, त्यांचं भाडं बाकी सगळ्या देण्यांच्या ढिगात जाणार, आणि त्या ढिगातून हाताला काय लागेल, देव जाणे."

"वही चालेल?"

"वही आहे?" तिचा चेहरा एकदम उजळला. "वही असेल तर फारच छान. शिवाय पाहुण्यांची पत्रं घ्या. आम्ही अमुक दिवशी आलो, राहिलो, एवढं लिहून सही. दोन्ही जोडून द्या."

घरी येऊन मिस्त्रींनी वहीतून तीन महिन्यांतले पत्ते काढले आणि अकरा पाहुण्यांना पत्रं लिहिली. एकतीस वर्षं ज्यांनी 'इंजिन क्रमांक दोन, तेल बदलले' याहून लांब वाक्य लिहिलं नव्हतं, त्यांना ही पत्रं लिहिता लिहिता नाकी नऊ आले. शेवटी सगळ्यांना त्यांनी एकच मजकूर पाठवला: आपण येऊन राहून गेलात हे कृपया लिहून द्यावे, मला त्याची गरज आहे, तसदीबद्दल क्षमस्व.

उत्तरं येऊ लागली. एकाने चार ओळी आणि सही पाठवली. एका जोडप्याने खिडकीतून काढलेला फोटो पाठवला, त्यात खाली मिस्त्री शिडीवर चढून पन्हाळ साफ करताना दिसत होते आणि कोपऱ्यात तारीखही होती. दोन पत्रांना उत्तर आलंच नाही. नववं उत्तर होतं एका निवृत्त छपाईवाल्याचं. तो आणि त्याची बायको काकूंच्या काळात तीनदा आले होते आणि आता बऱ्याच वर्षांनी या वसंतात. त्याने दोन पानं भरून लिहिलं होतं. मुक्कामाच्या तारखा, खिडकीतून दिसणारं तळं, त्या वेळी पडलेली थंडी. आणि शेवटी: 'काकूंची या वेळी भेट हुकली. आमच्या मंडळींना फार चुटपुट लागली. त्या लेकीकडून आल्या असतील तर आमचा दोघांचा नमस्कार सांगा.'

मिस्त्री पत्र हातात धरून बसून राहिले. वसंतात ते दोघं दारात आले, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काकू कुठे आहेत?" आणि मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं होतं, "लेकीकडे गेलीये." कंपनीचे बाकीचे पाहुणे नवे असायचे, कोणी विचारायचंच नाही. या दोघांनी विचारलं आणि मिस्त्रींची जीभ रेटेना. चार दिवस ते दोघं वर राहिले, चार दिवस मिस्त्रींच्या तोंडावर ते खोटं चिकटून राहिलं होतं.

त्यांनी त्या दिवशी बारावं पत्र लिहिलं. ते मात्र सगळ्यांत लांब झालं. ती गेल्याचं लिहिलं, कधी गेली ते लिहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सांगवलं नाही, हेही लिहिलं. मग हात थांबेना. तुमची बायको आजारी होती त्या वर्षी हिने मला डॉक्टरांकडे सायकलवर पिटाळलं होतं, आठवतं का, असं बरंच काही. पाकीट बंद करताना त्यांना हलकं वाटत होतं, एखादं जड इंजिन चौघांनी मिळून बोटीतून बाहेर काढल्यावर वाटायचं तसं. छपाईवाल्याने पत्राचं उत्तर लिहिलं नाही, फोनच केला. त्याची बायको बराच वेळ फोनवर रडत होती आणि मिस्त्रीच तिची समजूत काढत होते.

अधिकाऱ्याने तारीख दिली त्या दिवशी मिस्त्री पत्रांचं पाकीट आणि कापडी पिशवीत गुंडाळलेली वही घेऊन शहरात गेले. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. अधिकारी पन्नाशीचा, चेहऱ्यावरून कामाने पिचलेला. टेबलावर फायलींचे मनोरे. त्याने पत्रं तपासली, अर्ज तपासला, वहीची शेवटची सहा पानं बघितली आणि मान डोलावली.

"ठीक आहे. वही इथे जमा करा. पावती मिळेल."

"जमा?"

"मूळ कागद लागतो. काम संपलं की परत मिळेल."

"कधी?"

"वर्ष लागेल. दीडही लागू शकेल. गोदामात राहील, सुरक्षित."

मिस्त्रींनी वही टेबलावरून उचलली आणि पिशवीत घातली.

"साहेब, मग पैसे राहू द्या," ते म्हणाले.

अधिकारी बघतच राहिला. "अहो काका, तीन महिन्यांचं भाडं आहे. हातचं घालवताय?"

"पानं बघितलीत ती माझी आहेत. पण त्याच्या आधीची माझ्या बायकोच्या हातची आहेत. गोदामात नाही ठेवायची मला ती."

"मला नियम मोडता येत नाही."

"मी कुठे म्हणतोय मोडा. मी आपला निघतो."

ते खरंच उठले. ते दारापर्यंत गेले आणि अधिकाऱ्याने हाक मारली. "बसा हो. बसा जरा." त्याने कोणाला तरी फोन लावला, हळू आवाजात काही बोलला, मग पुन्हा म्हणाला, "एक करता येईल. पूर्ण वहीची नक्कल मी स्वतः ताडून बघायची, पानोपान सही करायची, मग मूळ तुम्ही नेऊ शकता. पण पूर्ण वही. मधलीच पानं नाही चालणार. दिवस जाईल."

"मला कुठे जायचंय," मिस्त्री म्हणाले.

कोपऱ्यातल्या मशीनवर नक्कल निघत गेली आणि अधिकारी एकेक पान मूळ पानाशी ताडून सही करत गेला. सुरुवातीला तो नुसत्या तारखांवरून नजर फिरवत होता. पंधराएक पानांवर त्याचं पेन थांबलं. त्याला हसू आलं होतं. "'गृहस्थ सुट्टीतही टाय बांधतात. विचारलं तर म्हणाले, सवय. शेवटच्या दिवशी विसरले.'" त्याने मिस्त्रींकडे बघितलं. "खरं?"

"खरं. तो टाय आम्ही पोस्टाने पाठवला होता."

मग सहीचा वेग मंदावला. अधिकारी प्रत्येक शेरा वाचू लागला, मधेमधे काही विचारू लागला आणि मिस्त्री सांगू लागले. त्यांना सगळं आठवत होतं. या टोपीवाल्या बाई, त्यांना पोहायला यायचं नाही पण रोज गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहायच्या. हे दोघे भाऊ, सबंध आठवडा एकच कोडं सोडवत बसले होते. एका पानाशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मग हळूच वाचलं, "'एकट्याच आल्या. खिडकीपाशी बसून रडत होत्या. विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा दोनदा नेला.'"

"ती अशीच होती," मिस्त्री म्हणाले. "मी विचारलं होतं, काय झालंय त्यांना? तर म्हणाली, मला काय ठाऊक, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खाली येऊन चहा केला, माझ्यासाठीसुद्धा."

कचेरी सुटायच्या वेळेला शेवटच्या पानावर सही झाली. अधिकाऱ्याने वही स्वतः पिशवीत घालून दिली. जिन्यापर्यंत सोडायलाही आला.

पैसे यायला पाच महिने लागले. अकरापैकी दहा मुक्कामांचं भाडं मान्य झालं. एका नोंदीत मिस्त्रींनी पाहुण्यांची निघण्याची तारीखच लिहिली नव्हती आणि त्यांचं पत्रही आलं नव्हतं, ते भाडं गेलं. कंपनी बंद पडल्यामुळे पुढचे जे आठवडे रिकामे गेले, त्यांची भरपाई मागितली होती ती ढिगात गेली आणि ढिगातच राहिली. स्टेनोबाईला बँकेने पूर्ण रक्कम परत दिली. तिने तसं कळवलं आणि पुढच्या वर्षाचा तोच आठवडा आईसाठी मागून घेतला. कंपनीतल्या मुलीला पगाराचा थोडा भाग मिळाला. तिला एका दवाखान्यात फोनवर नावं नोंदवायचं काम लागलं, असं तिने मिस्त्रींना आपणहून फोन करून सांगितलं. तेही सोमवारीच.

मिळालेल्या पैशांतून मिस्त्रींनी वरच्या मजल्याच्या छताची कौलं बदलली. काम चालू होतं तेव्हा लेक चार दिवस राहायला आली. बापलेक वरच्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून चहा पीत होते. पलंग भिंतीला लावून ठेवले होते आणि खिडकीतून तळं दिसत होतं.

"दुसरी एक कंपनी आहे, बाबा," लेक म्हणाली. "चांगली आहे म्हणतात."

"नको. फोन मीच घेतो आता. घेतले ना गेल्या महिन्यात चार."

"तुम्हाला जमतंय?"

"अडखळतो. पण जमतंय."

लेकीने खोलीभर नजर फिरवली. "आईने हे सगळं सुरू केलं तेव्हा मी अगदी लहान होते ना? पहिले पाहुणे मला आठवतच नाहीत."

"कसे आठवणार? तू मावशीकडे होतीस." मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. मी इथल्या पलंगाला रंग दिलेला, तो अजून ओला होता आणि ही माणसं एक दिवस आधीच येऊन थडकली. मी म्हटलं, परत पाठव, उद्या या म्हणावं. तुझी आई कसली ऐकते! तिने त्यांना खालची आपली खोली दिली आणि आम्ही दोघं वर येऊन या इथे जमिनीवर पथारी टाकली. रंगाच्या वासाने खिडक्या सताड उघड्या. इतकी वर्षं या घरात राहत होतो, पण वर झोपलो नव्हतो कधी. पहाटे तिने मला हलवून उठवलं. म्हणाली, अहो, बघा तरी. बघतो तर तळ्यावर धुकं, आणि पहिली बोट काठ सोडून निघालेली, दिवे लावून. मी जन्मभर त्या बोटीच्या पोटात. बाहेरून सुटताना कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं. ती म्हणते, हा आवाज तुमच्या इंजिनाचा ना? म्हटलं, हो, पण एक नंबरचा पट्टा सैल झालाय, ऐकू येतंय. ती हसायला लागली. बसलो बघत. ऊन आलं तेव्हा लक्षात आलं की कामावर जायचंय. एकतीस वर्षांत तेवढा एकच दिवस उशीर झाला मला."

"साहेब रागावले असतील."

"रागावले तर! म्हटलं, घरी पाहुणे आले होते."

लेक हसली. "आणि त्यांच्याकडून भाडं किती घेतलं आईने?"

"घेतलंच नाही," मिस्त्री म्हणाले. "पलंग ओला होता म्हणाली."